अमळनेरहून पहिल्यांदा कोकणात निघालात तर पाच दिवसांत अलिबाग ते गोवा करू नका

ताई, तुमचा प्रश्न असा की अमळनेरहून घरची सहा माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात, दोन लहान मुलं, सगळे शाकाहारी, कोणीच आजवर कोकण बघितलेलं नाही, दिवाळीच्या सुट्टीत गाडीने पाच दिवसांत अलिबाग ते गोवा करायचं ठरतंय आणि तिथं पोचल्यावर पहिल्यांदा नेमकं कसं वाटतं, एवढं लांब जाण्याइतकं आहे का ते कोणीतरी खरंखरं सांगावं. मी जळगावचा, खानदेशातली माणसं कोकणात नेणं आणि नीट घरी आणणं हाच माझा कामधंदा, त्यामुळे सविस्तर सांगतो, थोडं लांबेल.

आधी थेट उत्तर. जाण्याइतकं आहे, नक्की आहे. पण पाच दिवसांत अलिबाग ते गोवा नका करू. एक तालुका धरा, फार तर दोन, आणि तिथंच मुक्काम ठोका. मी हे प्रत्येक घराला सांगतो आणि निम्मी घरं ऐकत नाहीत, मग परत आल्यावर काय बघितलं विचारलं तर बीचची नावं धडाधड सांगतात पण कुठला कसा होता ते सगळं एकमेकात मिसळून गेलेलं असतं, कारण वेळ सगळा गाडीत गेला. आपल्याकडे साठ किलोमीटर म्हटलं की आपण तास-सव्वा तास धरतो. कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने साठ किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास धरायचे, कधी तीनसुद्धा, कारण सरळ रस्ता असा नाहीच, डोंगर चढा, उतरा, खाडीला वळसा घाला, परत चढा. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांनी दिसतं, तिथल्या बायका कपडे वाळत घालताना दिसतात, पण पूल नसेल तर तिथं जायला मोठा फेरा नाहीतर फेरीबोटीची वाट. मुलांना उलट्या होतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय आखडतात आणि अंधार पडल्यावर मुक्कामी पोचलात तर समुद्र नुसता ऐकायला मिळतो. असं रोज करायचं असेल तर मग घरीच बसलेलं बरं.

आता जायचं कसं. गाडी घरची असली तरी सासूबाईंसाठी मी रेल्वेच सांगेन. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस दिल्लीहून निघून भुसावळ, जळगाव, नाशिक करत पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि पुढे केरळात एर्नाकुलमला जाते. तुम्ही अमळनेरहून जळगावला यायचं, रात्री चढायचं, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला उतरायचं, मध्ये कुठे बदलाबदली नाही. रिझर्वेशन हल्ली ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या आसपासचं तिकीट त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. पावसाळ्यात त्या मार्गावर वेगळं टाइमटेबल असतं, गाड्या हळू चालवतात आणि ते ऑक्टोबरातही बरेच दिवस चालू असतं, म्हणून ऐकीव वेळेवर न जाता तिकिटावरची वेळ धरा.

रेल्वेतच पहिला धक्का बसतो तो सांगून ठेवतो. कोकण रेल्वे म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं की खिडकीतून समुद्र दिसणार, मुलं उजवीकडच्या खिडकीसाठी भांडतात. समुद्र दिसत नाही हो. रूळ किनाऱ्यापासून बरेच आत, डोंगराच्या अंगाने टाकलेत. दिसतं ते वेगळंच, बोगदा, मग एकदम खोल दरी, खाली भाताची खाचरं, पुन्हा बोगदा, मग एखादी मोठी नदी, तिचं पाणी समुद्राच्या भरतीबरोबर वरखाली होणारं. रत्नागिरीच्या थोडं आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तो संपता संपत नाही, मुलांना आधी सांगून ठेवा, मजा येते. १९९८ साली हा मार्ग पूर्ण सुरू झाला, त्याआधी खानदेशातून कोकणात जाणं म्हणजे एसटी बदलत बदलत दोन दिवस अंग मोडून घेणं, जुनी माणसं अजून सांगतात.

गाडीनेच जायचं ठरलं तर संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, सातारा, कराड करून पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरा, खाली चिपळूण. लांब पडतं, मध्ये एक मुक्काम करावाच लागतो, पण हवा कशी बदलते ते घाटात कळतं तसं रेल्वेत कळत नाही. वर कोयनेकडे गार कोरडा वारा असतो, स्वेटर लागेल असं वाटतं. घाट उतरायला लागलात की एसी बंद करा आणि काचा खाली घ्या. कानाला दडे बसतात, मग हळूहळू हवा जड व्हायला लागते, ओल्या पालापाचोळ्याचा वास यायला लागतो आणि खाली पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. एवढ्याशा उतारात दुसऱ्याच मुलखात आलो हे अंगालाच कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

त्यानंतर गाडीतला कोणीतरी मोठा माणूस हमखास विचारतो, "गाव कुठंय?" हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे गाव लांबून दिसतं. पाण्याची टाकी दिसते, देवळाचा कळस दिसतो, सगळी घरं एकमेकाला खेटून, जुनी घरं धाब्याची, सपाट माळवदाची, आणि गावठाण संपलं की चारी बाजूनं उघडं शिवार, कपाशी, केळी, थेट सातपुड्यापर्यंत नजर जाते. कोकणात पाटी लागते, गावाचं नाव असतं, एसटीचा थांबा असतो आणि घर एकही नाही. नुसती झाडं. घरं आत असतात, वाडी-वाडीने विखुरलेली, एक घर इथं, दुसरं शंभर पावलांवर झाडाआड, मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. रस्त्यावरून खाली जाणारी दगडी पायऱ्यांची वाट, तिला पाखाडी म्हणतात, ती उतरलात की एकदम अंगण लागतं, शेणानं सारवलेलं, तुळशीवृंदावन, उतरत्या कौलांचं घर, पुढे पडवी आणि अंगणात सोललेली सुपारी वाळत घातलेली. वर नारळ, त्याच्या खाली सुपारी, सुपारीवर चढलेला मिरीचा वेल, त्याखाली अळू, अननस, कुठं जायफळाचं झाड. एका गुंठ्यात किती थर असू शकतात ते शेतकरी माणसाने जरूर बघावं. आपलं पीक जमिनीवर पसरतं, यांचं वर चढत जातं. गाडीतून पळत जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त झाडं दिसतात आणि दोन दिवसांनी तो म्हणतो की सगळीकडे सारखंच आहे. म्हणून तर म्हणतो एका जागी राहा आणि पायी फिरा.

हिरवेपणाबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. फोनवर जे व्हिडिओ येतात ना, धबधबे, धुकं, डोंगर हिरवेगार, ते जुलै-ऑगस्टचे. लोक ते बघून मे महिन्याचं बुकिंग करतात आणि मग म्हणतात हे काय, गवत तर पिवळं पडलंय. कोकणात माथ्यावर जांभ्याचे मोठे सपाट सडे असतात, पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं, ऑगस्ट-सप्टेंबरात बारीक फुलांचा गालिचा येतो आणि उन्हाळ्यात तेच सडे काळेभोर तापलेले उघडे कातळ होतात. किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या तेवढ्या बारा महिने हिरव्या. तुम्ही दिवाळीत जाताय म्हणजे मधला काळ, भात पिकलेलं किंवा कापणी चालू, खाचरं सोनेरी, सड्यावरचं गवत अर्धं वाळलेलं, ओढ्यांना पाणी आहे आणि पाऊस साधारण गेलेला. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी हा उत्तम वेळ आहे, मेपेक्षा कितीतरी चांगला. आंबा मिळणार नाही, पण आंबा काय जळगावच्या बाजारातही मिळतो.

सड्यावर गेलात तर कातळशिल्पं चुकवू नका. जांभ्याच्या सपाट कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, हत्ती, मासे, माणसं. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती इतका प्रचंड आहे की जवळ उभं राहिलात तर तो हत्ती आहे हेच कळत नाही आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी कोरलेत. कोकणातली अशी काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण ऊन चढायच्या आत जा, कातळावर सावलीचं नाव नाही.

आता पाणी. खानदेशी माणूस कोकणात जाऊन सगळ्यात जास्त काय बघतो तर पाणी, आणि त्याचाच हिशोब त्याला सगळ्यात उशिरा कळतो. जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्याकडे त्याहून कमी. रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या वर. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि तिथंच मोकळे होतात, पलीकडे आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मग प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, एवढं पाणी आपल्याकडे असतं तर काय केलं असतं आपण!

रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी माझ्याबरोबर गुहागरला आले होते. ज्या घरी उतरलो त्याच्या मागच्या बाजूला केळीची चार-पाच खुंटं होती, घड चांगला लागलेला. ते बुंध्याशी उकिडवे बसले, माती उकरून बघितली, लाल, बोटांत चिकटणारी पण आपल्या काळ्या मातीसारखी धरून न ठेवणारी. मग त्यांना दिसलं की न्हाणीघराचं पाणी दगडी पन्हळीने थेट त्या केळींना सोडलंय. म्हणाले, आमच्याकडे या पिकाला टिश्यूकल्चरचं रोप, ड्रिप, विद्राव्य खतं, रात्री लाइट आली की उठून मोटर, आणि इथं अंघोळीच्या पाण्यावर घड. घरमालक म्हणाले, भाऊ, एप्रिलमध्ये या, वरच्या वाडीत टँकर येतो ते दाखवतो.

त्यांना ते पटेना. ३,००० मिलिमीटर आणि टँकर? पण खरं आहे. आपली तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहते, वाटेत पाणी मुरतं, अडतं, काठाला गाळ साठतो आणि त्या गाळावरच रावेर-यावल-चोपड्याची केळी उभी आहे. कोकणात घाटमाथ्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, उतार तीव्र, खाली जांभा दगड सच्छिद्र. पाणी वरून पडतं, काही खाली झिरपून झऱ्यांवाटे निघून जातं, बाकीचं तडक समुद्रात. एवढ्या पावसाने जमिनीतली खनिजं धुऊन जातात, लोह राहतं, म्हणून माती लाल. हापूसच्या कितीतरी बागा नुसत्या कातळात सुरुंग लावून खड्डे करून, त्यात बाहेरून माती आणून भरून उभ्या केल्यात. लोक म्हणतात कोकणात आपोआप उगवतं. आपोआप काहीच उगवत नाही, गवत सोडून. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुने फड बंधारे आहेत, थोडं पाणी अडवून गावाने वाटून घ्यायची पद्धत, शेकडो वर्षांची. पाणी कमी असलं की माणूस असं काही उभं करतो. कोकणात पाणी उदंड आणि थांबत नाही, तिथली मेहनत ते थांबवण्यात जाते, ओढ्यांना दरवर्षी माती-दगडाचे बंधारे घालतात, पाट काढतात. मुलांना हे दाखवा, घरमालकाला विहीर कुठंय विचारा आणि पाणी किती खाली आहे ते बघा.

धरणगावच्या एक आजी होत्या, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं आणि म्हणाल्या, "इतलं पानी, नि वावरले एक थेंब बी कामना नही." शेतात आयुष्य काढलेल्या बाईला समुद्र बघून हेच सुचणार आणि मला ते कुठल्याही फोटोपेक्षा खरं वाटतं.

उकाड्याचं सांगतो, कारण इथं खानदेशी माणूस गाफील राहतो. आपण ४५ अंशांत कांदा खिशात घालून फिरणारी माणसं, आपल्याला ३३-३४ काय करणार असं वाटतं. पण आपली उष्णता कोरडी, घाम येतो तसा उडून जातो. तिथं हवेतच इतकी वाफ असते की घाम उडत नाही, अंगावरच राहतो, आणि पहिल्या दिवशी दुपारी माणूस गळून जातो. कूलर तिथं चालत नाही, हे लक्षात ठेवा. पाणी उडून हवा गार होते हे कूलरचं सगळं तंत्र, ओल्या हवेत पाणी उडणारच कसं, उलट खोली अजून दमट होते. आपली माणसं तिथं जाऊन कूलर मागतात आणि घरमालक गोंधळतात. खोली अशी बघा की समोरासमोर खिडक्या असतील, पंखा असेल, सासूबाईंसाठी हवा तर एसी घ्या. सुती पातळ कपडे, जीन्स नको, धुतली तर दोन दिवस वाळत नाही. अकरा ते चार बाहेर पडायचंच नाही, पडवीत पडून राहायचं, सगळं कोकण तेव्हा पडलेलंच असतं. कोकम सरबत प्या, मीठ-साखर घालून, दिवसातून दोनदा.

समुद्राकडे येतो. नदीच्या माणसाला समुद्र कळायला वेळ लागतो. नदीत आपण काठ ओळखतो, खोल कुठं हे ठरलेलं असतं. समुद्राचा काठ दिवसातून चारदा जागा बदलतो, दोन भरत्या, दोन ओहोट्या. संध्याकाळी पोचलात आणि ओहोटी असली तर लांबच लांब ओली वाळू दिसते, मुलं म्हणतात समुद्र किती लांब, सामान वाळूवर ठेवतात, चपला ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी भरतीला तीच जागा पाण्याखाली.

कोळी लोकांचा एक सोपा हिशोब आहे, कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ, दिवसा आणि रात्री दोन्ही. अमावस्या-पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा, तर सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. गावागणिक अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो पण पर्यटकाला एवढं पुरतं. आता तुम्ही पंचमीला तिथं असाल तर भरती पावणेचारला, म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला, ज्या वेळी सगळी माणसं पाण्यात उतरतात, नेमकं तेव्हा पाणी मागे ओढत असतं. उतरत्या पाण्यात मुलांना सोडू नका, वाळूवर किल्ले करू द्या. गणपतीपुळ्याला विशेष सांभाळा, देवळासमोरचा समुद्र देखणा आहे पण तिथं वाळू पायाखालून सरकते आणि तापीत पोहणारे तगडे पोरसुद्धा आत ओढले गेलेत. पोहता येतं म्हणून समुद्रात जायचं नाही. गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही, आणि गावातला माणूस नको म्हणाला तर नको. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला मी सरळ ग्रुपमधून काढतो, त्याला वाईट वाटलं तरी चालेल.

जेवणाची चिंता तुम्ही फार करताय, ती नको. शाकाहारी माणसाचे कोकणात हाल होतात हे ज्याने सांगितलं तो हायवेच्या ढाब्यावर जेवला असेल. घरगुती जेवण मागा. सकाळी आंबोळी किंवा घावणे, बरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारी वालाचं बिरडं, कुळथाची पिठी आणि भात, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक आधी सांगितलेत तर. दोन गोष्टी मात्र आहेत. पहिल्या जेवणाला घरातलं कोणीतरी म्हणणार की फिकं आहे. शेवभाजी, काळा मसाला, शेंगदाण्याच्या तेलाचा तवंग यावर वाढलेली जीभ आहे आपली, नारळाची चव तिला लगेच लागत नाही. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या पण पहिले दोन दिवस डब्यातच राहू द्या, पोळी नाही म्हणून कुरकुर करू नका, तांदळाची भाकरी गरम खा. तिसऱ्या दिवसापासून सोलकढी मागून मागून पितात लोक, मी बघतो ना. दुसरी गोष्ट, आपल्याकडे हॉटेलात बसलं की अर्ध्या तासात ताट येतं. तिथं ती माउली एकटी रांधत असते, नारळ खवायचा, वाल सोलायचे, तिला आदल्या रात्री सांगायचं की उद्या किती माणसं आणि काय. ऐन वेळी दोन वाजता सहा माणसं दारात उभी राहिली तर पिठलं-भातच मिळणार. आणि एका चुलीवर मासे होत असतील तर शाकाहारी भांडी वेगळी हवीत हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट बोला, कोणी राग मानत नाही. गुहागर, गणपतीपुळे, दापोली या बाजूला पूर्ण शाकाहारी घरं भरपूर मिळतात, मालवणकडे विचारून घ्यावं लागतं.

माणसांबद्दल थोडंच. कोकणी माणूस पहिल्या भेटीत तोललेला वाटतो. आपल्याकडे अनोळखी माणसालाही "बसा भाऊ, चहा घ्या" म्हणून ओढून बसवतात, तिथं आधी चार प्रश्न विचारतात, कुठले, कोणाकडे उतरलात. तुसडेपणा समजू नका. दुसऱ्या दिवशी तोच माणूस स्वतःच्या आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, नेऊन शहाळं उतरवून देतो. विचारल्याशिवाय कोणाच्या वाडीतलं फळ तोडू नका, पडलेला नारळसुद्धा मालकाचा असतो. रात्री लवकर सामसूम होते, पाखाडीवर दिवे नसतात, टॉर्च घेतल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, साप असतात. आणि गाडी नारळाखाली लावू नका, काच जाते.

तर तुमच्यासाठी मी असं करेन. भाऊबीज घरी करा आणि त्यानंतर निघा, पण दिवाळीच्या सुट्टीत भाडी चढलेली असतात आणि गर्दी इतकी की गणपतीपुळ्याला पाय ठेवायला जागा नसते. रत्नागिरीला उतरा, जीपवाला आधी ठरवून ठेवा, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे जा, खऱ्या अर्थाने समुद्र पहिल्यांदा दिसेल तो या रस्त्यावर, चढावर गाडी वळते आणि खाली एकदम दोन किनारे, तिथं गाडी थांबवायला सांगा. मुक्काम पुळ्यात न करता शेजारी मालगुंड किंवा नेवऱ्याला घ्या, तीन रात्री. एक सकाळ देवळाची, पुळ्याला डोंगराभोवती प्रदक्षिणा आहे साधारण किलोमीटरभराची, चढउतार आहेत, सासूबाईंना ती करायला लावू नका, दर्शन पुरे. एक दिवस काहीच नाही, नुसतं आगरात आणि समुद्रावर. चौथ्या दिवशी जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरा, गाडीसकट बोटीत जाता येतं, मुलांना ते सगळ्यात जास्त आवडतं, पुढे हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर. दोन रात्री तिथं. गुहागरचा किनारा लांब, सरळ, आणि गाव असं की रस्त्यालगत घर, घरामागे आगर, आगरामागे समुद्र, सासूबाईंना आगरातून चालतच वाळूपर्यंत जाता येईल, गाडी काढायला नको. परतीला त्याच वाटेने रत्नागिरीला येऊन मंगला पकडा.

पाच दिवस हे सहाच्या वर जातात, मला माहीत आहे. दिवस वाढवता येत नसतील तर गुहागर काढा, पण मालगुंडच्या तीन रात्री कमी करू नका. मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली हे दुसऱ्या वेळेसाठी ठेवा, तिकडे स्वतंत्र जायचं आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात हे तेव्हाची तारीख ठरवताना बघा.

खोली बुक करताना फोनवर तीन गोष्टी विचारा, तळमजल्याची खोली आहे का, रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडीच्या पायऱ्या किती आणि कमोड आहे का. पायऱ्यांचं कोणी आपणहून सांगत नाही, त्यांना त्या रोजच्या असतात, आणि गुडघेदुखीच्या माणसाची सगळी ट्रिप त्या पायऱ्यांवर ठरते.